पिंगळाचा गळा

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, जेतवन विहारात सांगितली, आणि तिला निमित्त झाला एक गाडीवान.

वप्पिल त्याचे नाव. संघात येण्यापूर्वी तो बैलगाड्या हाकत असे. सारा जन्म बैलांशी ओरडून बोलण्यात गेलेला, त्यामुळे अंगावर भिक्षूचे चीवर आले तरी गळा होता तोच राहिला. त्याला एकही गाथा मनातल्या मनात पाठ होत नसे. मोठ्याने म्हटली तरच ती डोक्यात शिरे, आणि मोठ्याने म्हणजे विहाराच्या पलीकडच्या आंब्यावरचे पोपट उडून जातील इतक्या मोठ्याने. उजाडले की याची गाथा सुरू. ध्यानाला बसलेले भिक्षू दचकत, एकमेकांकडे बघत आणि पुन्हा डोळे मिटत. भिक्षू झाले म्हणून काही माणसाचे कान गळून पडत नाहीत.

सर्वांत जास्त वैतागले ते स्थविर भद्दसेन. वयाने मोठे, शीलाने कडक, आणि शांततेचे इतके भोक्ते की झाडाचे पान पडले तरी मान वळवून त्याच्याकडे रागाने बघत. एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडे, ती म्हणजे गूळ. भिक्षेत खडा आला की तो औषध म्हणून चीवराच्या टोकाला बांधून ठेवीत. घशाला बरा असतो, असे म्हणत, आणि कोणी हसले तर पाहिलेच नाही असे दाखवीत.

एके दिवशी भद्दसेनांनी धर्मसभेत विषय काढला. वप्पिलाला जन्मभराचे मौन द्यावे, आणि ते पाळले नाही तर त्याला विहाराबाहेरची वाट दाखवावी. निवासांची व्यवस्था पाहणारा भिक्षू उदेन याने लगेच मान डोलावली, कारण रोजच्या तक्रारी ऐकून त्याचे कान किटले होते. इतरांनीही माना डोलावल्या. वप्पिल कोपऱ्यात मांडीत हात घेऊन बसला होता. गाडी विकलेली, बैल भावाला दिलेले, परत जायला घर नाही. आवाज बंद झाला तर गाथा बंद, आणि गाथा बंद झाली तर तो इथे आला तरी कशाला, हे त्याचे त्याला कळत होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

शास्ता सभेत आला. काय चालले आहे असे त्याने विचारले, ते त्याला सांगण्यात आले. तो थोडा वेळ भद्दसेनांकडे बघत राहिला आणि हसला. मग म्हणाला, “भिक्षूंनो, गळा बंद करण्याची अशीच घाई लोकांना पूर्वीही एकदा झाली होती.” सगळ्यांनी विनंती केल्यावर त्याने ही गोष्ट सांगितली.

फार मागे, चंदावती नगरीत उदयसेन राजाचे राज्य असताना, बोधिसत्त्व एका शल्यवैद्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव नंदिसेन. वडिलांची विद्या त्याने आत्मसात केली आणि हात तर वडिलांहूनही हलका निघाला. त्याने गळू फोडले तर रोगी विचारी, सुरुवात कधी करणार? पण आपली गोष्ट नंदिसेनाच्या घरी सुरू होत नाही. ती सुरू होते ओतारी आळीत, उप्पला नावाच्या बाईच्या ओसरीवर.

ओतारी आळीत काशाच्या घंटा ओतल्या जात. गाईच्या गळ्यात बांधायची चिमुकली घंटा असो की हत्तीच्या अंगावरून लोंबणारी मोठी, सगळा देश ती इथूनच नेई. घंटा साच्यातून बाहेर काढली की तिचे खरे काम पुढे असे. लाकडी मोगरीने तिला एक ठोका द्यायचा आणि नाद पार विरेपर्यंत ऐकायचा. नाद कुठे थरथरतो, कुठे अडतो, त्यावरून ती आतून कुठे घासायची ते ठरे. म्हणून ठोका पडला की आळीत कोणी हूं की चूं करायचे नाही असा दंडक होता. आणि पहिला नाद चांगला उतरला की जमलेल्या सगळ्यांना गूळ-लाह्या वाटायच्या, हा दुसरा दंडक. या दुसऱ्याने पहिल्याचे वाटोळे केले. पण ते कसे, हे आळीतल्या एकाच्याही ध्यानात आले नाही.

उप्पलेचा नवरा सोणक म्हणजे साऱ्या आळीचा कान. घंटा कोणाचीही असो, ठोका द्यायला बोलावणे त्यालाच येई. त्याने एक पिवळट रंगाचे कुत्रे पाळले होते, पिंगळ. सोणक मोगरी उचली तेव्हा पिंगळ त्याच्या पायाशी बसलेला असे. गूळ वाटायला आला की सोणक आपल्या वाट्यातला पहिला खडा पिंगळाच्या तोंडात घाली आणि मग स्वतः खाई. लोक हसत. उप्पलाही हसे. मग एका हिवाळ्यात सोणक तापाने गेला. उप्पलेला मूलबाळ नव्हते. घरात राहिली ती, थंड पडलेली भट्टी आणि पिंगळ.

सोणकामागे आळीत पहिली घंटा ओतली गेली. ठोका पडला, गूळ वाटला गेला, पण पिंगळाला द्यायचे कोणाला सुचले नाही. त्याने जरा वाट पाहिली आणि तो भुंकला. एका म्हाताऱ्या ओताऱ्याला सोणकाची आठवण होऊन गलबलून आले. त्याने आपला अर्धा खडा पिंगळापुढे टाकला. पिंगळ गप्प झाला आणि सगळ्यांना बरे वाटले.

झाले, इथेच बिनसले. पुढच्या घंटेच्या वेळी पिंगळाने वाट पाहिली नाही, ठोका पडताच तो भुंकला आणि त्याला खडा मिळाला. मग तो मोगरी उचलतानाच भुंकू लागला. मग रस्त्याने गळ्यात घंटा बांधलेली गाय गेली तरी भुंकू लागला. शेवटी शेवटी तर नुसता माणूस आळीत शिरला तरी याचे सुरू, आणि एकदा सुरू झाले की ऐकणाऱ्याच्या कानठळ्या बसत. त्याला गप्प करायचा उपाय मात्र सगळ्यांना ठाऊक झाला होता. हाती येईल ते टाकायचे, गूळ, भाकरीचा तुकडा, काहीही. सर्वांत मोठा तुकडा टाकी तो रोहक, ओताऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे पंचायतीचा, मुख्य, कारण सर्वांत जास्त घाई त्याला असे.

या गोंगाटात नाद धड ऐकू येईना. अंदाजाने घासलेल्या घंटा बद्द वाजू लागल्या. राजाच्या माहुतांनी हत्तींच्या घंटा परत आणून दिल्या आणि म्हणाले, या घालून आमचे हत्ती निघाले की भांडीवाला आला असे लोकांना वाटते. आळीची मान खाली गेली. त्यातच राजाचा निरोप आला. राजवाड्याच्या दारावर एक थोरली घंटा टांगायची होती. ज्याला दाद मागायची असेल त्याने ती वाजवावी आणि राजाने ती आतून ऐकावी, अशी. तिचा पहिला नाद ऐकायला येत्या पौर्णिमेला राजा स्वतः आळीत येणार होता.

रोहकाच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने श्रेणी बोलावली आणि उप्पलेलाही बोलावले. तो मनाने वाईट नव्हता. सोणकाबरोबर त्याने एकाच भट्टीवर काम शिकले होते आणि उप्पलेला तो वहिनी म्हणत असे. पण त्या दिवशी तो अगदी थकलेला दिसत होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “सोणकाचं म्हणून आजवर सोसलं. आता एक तर कुत्रं नदीपलीकडे सोडून ये, नाही तर त्याचा आवाज काढून टाक. नंदिसेन वैद्याचा हात हलका आहे, चार दिवसांत भरून येईल.”

नदीपलीकडे रान होते आणि रानात लांडगे होते. ओसरीवर वाढलेले कुत्रे तिथे किती टिकणार, हे उप्पलेला कोणी सांगायला नको होते. ती उठून घरी आली. पिंगळ तिला बघून भुंकला, तिने सवयीने भाकरीचा तुकडा त्याला टाकला आणि चुलीपाशी बसून रडली. आवाज गेला तरी जीव तर राहील, असे तिने मनाशी ठरवले. दुसऱ्या दिवशी पिंगळाच्या गळ्यात दोरी बांधून ती स्वतःच वैद्याकडे निघाली.

रोहक तिच्याबरोबर गेला. वैद्याचे मन वळवायला त्याच्याकडे एक गोष्ट होती. राजाचा म्हातारा वैद्य नुकताच वारला होता, जागा मोकळी होती, आणि रोहकाचा मेहुणा राजाच्या मंत्र्यांपैकी एक होता. हे काम पौर्णिमेच्या आत नीट झाले तर नंदिसेनाचे नाव मेहुण्यामार्फत राजाच्या कानावर घालायचे, असे त्याने वैद्याला बसल्या बसल्याच सांगून टाकले.

नंदिसेनाने ऐकून घेतले. मग त्याने पिंगळाला जवळ घेतले, त्याचा जबडा उघडून पाहिला, गळ्यावरून बोटे फिरवली. पिंगळ त्याचा हात चाटू लागला.

“गळा उत्तम आहे,” नंदिसेन म्हणाला. “दुखणं कुठे आहे ते मला दाखवा.”

रोहक म्हणाला, दुखणे आमच्या कानांत आहे. नंदिसेन हसला, पण त्याने सुरी काही उचलली नाही. तो उप्पलेकडे वळला.

“बाई, मी कापलं तर आवाज जाईल. भुंकायची ओढ जाणार नाही. ठोका पडला की हा उठेल, मान ताठ करील, तोंड उघडील, पोट हलेल, आणि काही ऐकू येणार नाही. ते रोज बघायचं असेल तर सांगा.”

उप्पलेने पिंगळाकडे पाहिले. तिने तसे कधी मनात आणून पाहिलेच नव्हते. पिंगळ ओसरीवर उभा राहून मुक्यानेच भुंकतो आहे, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिने दोरी हातात घट्ट धरली.

नंदिसेन म्हणाला, रोग कुठे आहे ते कळल्याशिवाय मी शस्त्र लावत नाही, आधी मला तुमची आळी बघू द्या. रोहकाला हे मुळीच आवडले नाही. नगरात हरितक नावाचा दुसरा शल्यवैद्य होता आणि तो असल्या चौकशा करीत नसे. पण उप्पला जागची हलेना. शेवटी रोहक म्हणाला की पौर्णिमेला राजा येतो, तोवर काय ते करा. त्या दिवशी हरितक सुरी घेऊन आळीत हजर असेल. थोरल्या घंटेवर पिंगळ भुंकला, तर राजाची पाठ वळताच त्याचा आवाज जाईल. आणि राजवैद्याच्या जागेसाठी शब्द टाकायचा तो मग हरितकासाठीच टाकीन, हेही त्याने ऐकवले.

दुसऱ्या दिवशी नंदिसेन उप्पलेच्या ओसरीवर येऊन बसला. औषध नाही, हत्यार नाही, नुसता बसला. गाय गेली, पिंगळ भुंकला, समोरच्या घरातून भाकरीचा तुकडा आला. कोळसेवाला आला, पिंगळ भुंकला, कोळसेवाल्याने स्वतःच्या शिदोरीतून लाह्या टाकल्या. कोणी तरी ठोका दिला, पिंगळ भुंकला, आणि रोहक आपल्या भट्टीवरून शिव्या देत बाहेर आला तो गुळाचा खडा हातात घेऊनच. वैद्याने दुपारपर्यंत हे पाहिले. मग त्याने उप्पलेला आणि रोहकाला जवळ बसवून घेतले.

“कुत्रं फार हुशार आहे,” तो म्हणाला. “त्याने सगळी आळी शिकवून तयार केली आहे. तो भुंकतो आणि तुम्ही धावत येऊन देता. एकही जण चुकत नाही.”

रोहकाने हातातला खडा हळूच कमरेला खोचला.  उप्पलेने मात्र जे सांगितले ते आजवर ती कोणाजवळ बोलली नव्हती. सकाळी पिंगळ भुंकला की ती त्याला पहिली भाकरी देई, ती त्याला गप्प करायला नव्हे. तिला तो आवाज हवा असे. एवढ्या मोठ्या घरात आपल्याला कोणी तरी हाक मारते आहे असे वाटे, तेवढेच बरे वाटे.  नंदिसेनाने तिला दोष दिला नाही. तो म्हणाला, हाक मारायची तर त्याने मारावीच. फक्त कधी मारायची ते आपण त्याला शिकवू.

शिकवणे सोपे होते, पण आळीने ते ऐकणे अवघड होते. पिंगळ भुंकला की कोणी त्याला काही टाकायचे नाही, रागवायचे नाही, त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाही. तो गप्प झाला की त्या क्षणाला उप्पलेने सातूच्या पिठाची एक गोळी त्याच्या तोंडात द्यायची. रोज उजाडता तिने त्याला नदीकाठाने दमेपर्यंत फिरवून आणायचे, कारण दिवसभर दाराशी पडून असलेल्या जिवाला भुंकण्याशिवाय दुसरे काम तरी काय असणार?

पहिले काही दिवस आळीला वाटले की वैद्याने कुत्रे बरे करण्याऐवजी बिघडवले. नेहमीचा तुकडा येईना तेव्हा पिंगळाला वाटले असावे की आपलेच भुंकणे कमी पडते आहे. तो दुप्पट भुंकू लागला. उभा राहून, उड्या मारून, घसा बसेपर्यंत भुंकू लागला. बायका कानावर हात ठेवून पाणी भरत. उप्पला त्याच्याकडे पाठ करून बसे आणि तिचा जीव कासावीस होई. नंदिसेन म्हणाला, हे असेच होणार, जुने दार बंद झाले की माणूससुद्धा आधी जोरात धडका देतो, धीर धरा.

आणि धीर सुटला तो रोहकाचा. थोरल्या घंटेचा साचा बांधायचे काम चालू होते, पिंगळ सकाळपासून थांबला नव्हता, आणि रोहकाच्या डोक्यात घण पडत होते. तो उठला, कमरेचा गूळ काढला आणि अख्खा खडा पिंगळापुढे भिरकावला. आळी एकदम शांत झाली. पिंगळाने गूळ चाटूनपुसून खाल्ला आणि आनंदाने पुन्हा सुरुवात केली.

नंदिसेन आला तेव्हा उप्पला रागाने लाल झाली होती. रोहक मान खाली घालून बसला होता. वैद्य रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, “रोहका, आज तू त्याला शिकवलंस की सकाळभर भुंकलं तर मोठा खडा मिळतो. आता आपण उद्या पहिल्यापासून सुरू करू.” आणि तो खरेच दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करायला आला. रोहकाला शिव्या खायची तयारी होती, पण हे त्याला जास्त लागले. त्या दिवसापासून त्याने कमरेला गूळ बाळगणे सोडले.

हळूहळू फरक पडू लागला. भुंकण्याच्या मध्ये आधी छोटी विश्रांती येऊ लागली, तिथे उप्पला गोळी देई. मग विश्रांती लांबू लागली. नंदिसेनाने एक जुनी घंटा मागून घेतली, मोगरीला फडके गुंडाळले आणि आळीच्या पार टोकाला जाऊन अगदी हळू ठोका दिला. पिंगळाने कान टवकारले. तो तोंड उघडणार तेवढ्यात उप्पलेने “पुरे” म्हटले आणि गोळी दिली. गोळी चावत चावत भुंकणे काही जमत नाही. असे करत करत वैद्य रोज थोडा जवळ आला, फडके रोज थोडे पातळ झाले. घाई केली की पिंगळ बिचकून भुंके, मग वैद्य न कुरकुरता पुन्हा मागे जाई. पुढे उप्पलेने एक गोणपाट अंथरले. ठोका पडला की त्यावर जाऊन आडवे व्हायचे, हे पिंगळाला कळले, कारण गोळी तिथेच मिळे.

या सगळ्यात पौर्णिमा जवळ आली. रोहकाचा मेहुणा मंत्री एक दिवस आळीत येऊन गेला. कुत्र्याला अजून आवाज आहे हे त्याने पाहिले, तोंड वाकडे केले आणि राजवैद्याच्या जागेसाठी हरितकाचे नाव पुढे गेल्याची बातमी देऊन गेला. उप्पलेला फार वाईट वाटले. तिने नंदिसेनाचे पाय धरले. म्हणाली, अजून वेळ आहे, कापून टाका, माझ्या कुत्र्यापायी तुमची जागा जाते आहे.

“जागा माझी नव्हतीच, बाई,” नंदिसेन म्हणाला. “गळा मात्र याचा आहे.” आणि त्याने मोगरीच्या फडक्याची आणखी एक घडी सोडली.

पौर्णिमेला ओतारी आळी झाडून काढली होती. थोरली घंटा लाकडी चौकटीला टांगली होती. ती माणसाच्या छातीइतकी उंच होती आणि अजून घासलेली नव्हती. राजा आला, मंत्री आले. हरितक आपली पेटी घेऊन एका बाजूला उभा राहिला. एवढा मोठा नाद पिंगळाने कधी ऐकलाच नव्हता, कारण एवढी मोठी घंटा आळीत आजवर झाली नव्हती. नंदिसेनाने हे आधीच उप्पलेला सांगितले होते. जे शिकवता आले ते शिकवले, पुढे त्याच्यावर विश्वास ठेवा, असेही सांगितले होते. उप्पलेने गोणपाट घंटेपासून थोडे दूर अंथरले आणि त्यावर पिंगळाला बसवले. तिच्या मुठीतली सातूची गोळी घामाने ओली झाली होती.

रोहकाने मोगरी उचलली. त्याने एकदा पिंगळाकडे पाहिले आणि ठोका दिला.

नाद उठला तो पायांखालच्या जमिनीतून आल्यासारखा उठला. पिंगळ ताडकन उभा राहिला. त्याची मान ताठ झाली, अंगावरचे केस उभे राहिले, तोंड उघडले. हरितकाने पेटीचे झाकण उघडले. उप्पलेला “पुरे” म्हणायचे होते, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती नुसती पिंगळाकडे बघत राहिली. पिंगळाने घंटेकडे पाहिले, मग उप्पलेकडे पाहिले. त्याने तोंड मिटले. एक लांब श्वास सोडला आणि तो गोणपाटावर आडवा झाला.

नाद चालूच होता. आळीने असा नाद सोणक गेल्यापासून शेवटपर्यंत ऐकलाच नव्हता. तो उतरत गेला, बारीक होत गेला, एका ठिकाणी किंचित थरथरला, आणि जिथे थरथरला तिथे रोहकाने नुसती मान हलवली, कारण कुठे घासायचे ते त्याला कळले होते. म्हातारे ओतारी डोळे मिटून ऐकत होते. नाद विरला तरी कोणी बोलेना. उप्पलेच्या गालांवरून पाणी वाहत होते. सोणक असाच शेवटपर्यंत ऐकत उभा राहायचा, हे तिला आठवले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती आठवण तिला सुखाची वाटली. तिने ओली गोळी पिंगळाच्या तोंडात दिली.

राजा प्रसन्न झाला. गूळ-लाह्या वाटायला सुरुवात झाली. रोहकाने आपला वाटा घेतला आणि तो सरळ पिंगळापाशी गेला, गुडघ्यांवर बसला, आणि पहिला खडा त्याने भिरकावला नाही, सोणक देत असे तसा पिंगळाच्या तोंडात दिला. मग स्वतः खाल्ला. हरितकाने पेटी बंद केली. राजवैद्याची जागा मात्र त्यालाच मिळाली आणि तो तिथे सुखाने राहिला. नंदिसेन आपल्या घरी परतला. पुढे त्याच्या दाराशी लोक आपली खोडकर गुरे, चावरी कुत्री आणि कधी कधी हट्टी मुलेही घेऊन येत, आणि तो कोणालाच परत पाठवीत नसे.

पिंगळाचा आवाज त्याच्याकडेच राहिला. अनोळखी माणूस आळीत शिरला तर तो भुंके आणि उप्पलेने “पुरे” म्हटले की थांबे. रोज उप्पला नदीवरून घागर घेऊन एकटी आली की दाराशी तो एकदाच, मोठ्याने भुंके. आळीत त्यावर कोणी तुकडा टाकीत नसे आणि कोणी कानावर हातही ठेवीत नसे. उप्पला आली, एवढे सगळ्यांना कळे.

एवढी गोष्ट सांगून शास्ता थांबला. मग त्याने त्या जन्मीची माणसे या जन्मीच्या माणसांशी जोडून दाखवली. “भिक्षूंनो, घाईत गूळ भिरकावणारा रोहक तो हा उदेन. कुत्र्याचा गळा वाचावा म्हणून दोरी घट्ट धरून बसलेली उप्पला तो हा वप्पिल. नंदिसेन वैद्य मीच होतो.”

सभेत कोणी तरी विचारले, “आणि भन्ते, पिंगळ?”

 शास्त्याची नजर हळूच भद्दसेनांच्या चीवराच्या टोकाकडे गेली, जिथे गुळाचा खडा बांधलेला होता. सगळ्यांची नजर तिकडे गेली. भद्दसेन आधी गोरेमोरे झाले, मग खाली बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. ज्या शांततेचा आपल्याला एवढा अभिमान आहे, ती एका बाईने आणि एका वैद्याने किती धीराने आपल्यात रुजवली होती, ते त्यांना त्या क्षणी दिसले.

दुसऱ्या दिवशी उजाडता वप्पिल गाथा म्हणायला बसला तेव्हा भद्दसेन त्याच्यासमोर येऊन बसले. पोपट उडाले. भद्दसेन हलले नाहीत. वप्पिलाचा आवाज एका ओळीवर जरासा खाली आला, आणि त्या क्षणाला स्थविरांनी चीवराची गाठ सोडून खडा मोडला व अर्धा त्याच्या तळहातावर ठेवला. पुढची ओळ आणखी खाली आली.

सुरी हाताशी असताना ती बाजूला ठेवायची आणि दुसऱ्याच्या शिकण्याइतका वेळ त्याच्याजवळ बसून राहायचे, यालाच बोधिसत्त्वाची क्षांती म्हणतात.